मामांनी खोललेलं इंजिन

माझ्या सासऱ्यांच्या तोंडून 'मला माहीत नाही' हे वाक्य अख्ख्या दौंडात कुणी ऐकलेलं नव्हतं. रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटर म्हणून त्यांची हयात गेली, वाफेपासून डिझेलपर्यंत सगळी इंजिनं त्यांच्या हाताखालून गेली, त्यामुळं इंजिनातलं सगळं त्यांना ठाऊक असणं ओघानंच आलं. पण मामांचं (सासऱ्यांना आमच्याकडं मामाच म्हणतात) ज्ञान इंजिनापाशी थांबत नसे. शेजारच्या मुलीला सायन्सला घालावं की कॉमर्सला, समोरच्यांची शेळी पाय का ओढते, नगरपालिकेच्या नळाला पाणी नक्की कुठल्या वळणावर अडतं, कुणी काहीही विचारो, प्रश्न संपायच्या आत "त्याचं काय असतं," अशी सुरुवात करून मामा उत्तराला हात घालत. उत्तर चुकलं तर चूक शेळीची किंवा नळाची असे. मामांची कधीच नसे.

मी तेव्हा सणसवाडीच्या एका कारखान्यात स्टोअर्सला होतो आणि तिथंच एका चाळवजा खोलीत भाड्यानं राहत होतो. मुलगी बघायला म्हणून आई-वडिलांना एसटीनं पुढं पाठवून मी माझ्या स्कूटरवरून दौंडला गेलो. मामांनी दारातच जयभीम घातला, सगळ्यांना बसवलं आणि मला एकच प्रश्न विचारला, "आलात कशानं?" मी स्कूटर म्हणालो. ते "बरं बरं" म्हणत बाहेर गेले ते आत आलेच नाहीत. पोहे झाले, चहा झाला, मुलीला विचारायचे प्रश्न संपले, तिनं मला विचारायचे प्रश्नही संपले, तरी मुलीच्या बापाचा पत्ता नाही. शेवटी आम्ही निरोप घ्यायला बाहेर आलो, तर माझ्या स्कूटरचा कार्बोरेटर वर्तमानपत्रावर सुटा होऊन पडला होता आणि मामा त्यातल्या एका बारीक भोकात फुंकर मारत होते. माझ्या वडिलांकडं बघून म्हणाले, "पोरगं चांगलं हाय. गाडीचे हाल करतंय, पण ते शिकवता येईल." लग्न ठरलं ते असं.

नवी वस्तू खोलून बघितल्याशिवाय ती आपली झाली असं मामांना वाटतच नसे. लग्नात आम्हाला आहेर आलेला मिक्सर पहिली चटणी वाटायच्या आधीच त्यांनी खोलला. भिंतीवरचं घड्याळ, शेजाऱ्यांची शिलाई मशीन, वॉर्डातल्या विहाराचा अ‍ॅम्प्लिफायर, काही सुटलं नाही. दुसऱ्या लोकांनी खोललेल्या वस्तू पुन्हा जोडल्यावर दोन-चार स्क्रू उरतात. मामांच्या हातून वस्तू गेली की तिच्यात भर पडलेली असे. मिक्सरला खालून पत्र्याची एक पट्टी आली. माझ्या स्कूटरला कार्बोरेटरपाशी एक टोपी आली, जी कशासाठी आहे हे पुढं एकाही मेकॅनिकला सांगता आलं नाही. विहाराच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये त्यांनी काय घातलं ते कळलं नाही, पण त्यानंतर रविवारची वंदना रेल्वे स्टेशनच्या तीन नंबरच्या फलाटापर्यंत ऐकू जायला लागली. "कंपनी वस्तू बनवती ती सगळ्यांसाठी," मामा म्हणत. "आपल्यासाठी ती आपल्यालाच बनवावी लागती." मी स्टोअर्सचा माणूस, येईल ती वस्तू मोजून फळीवर ठेवायची आणि मागणी आली की द्यायची हे माझं काम. मामांना माझ्याविषयी माया होती, पण माझ्या नोकरीविषयी आदर नव्हता.

त्यांच्या सगळ्या कर्तबगारीचा मुकुटमणी म्हणजे शिरूरच्या शेठची गाडी. शेठ म्हणजे घोडनदीकाठचे एक जुने बागाईतदार. तरुणपणी त्यांनी पुण्यात एका परत निघालेल्या साहेबाकडून दोन माणसांची, बिनटपाची, जमिनीला लागून चालणारी विलायती गाडी घेतली होती. शर्यतीची गाडी. तिचे सुटे भाग इथं मिळायचे नाहीत आणि बाहेरून मागवायची सोय नव्हती. एकदा कुणाला तरी रेल्वेत बसवून द्यायला शेठ दौंड स्टेशनात आले आणि परत निघताना गाडी फाटकापाशी बंद पडली. ड्यूटी संपवून चाललेल्या मामांनी ती तिथल्या तिथं चालू करून दिली, आणि तेव्हापासून सुट्टी मिळाली की मामा शिरूरला. जो भाग झिजला त्याच्या जागी दुसऱ्या कशाचा तरी भाग घडवून बसवायचा, असं करत करत काही वर्षांत त्या इंजिनात विलायतेचं थोडं आणि पुणे जिल्ह्याचं पुष्कळ अशी परिस्थिती आली. मामा सांगत, की साहेबाच्या वेळेपेक्षा ती आता जोरात पळायची. पाटसकडं जाताना रूळ आणि रस्ता जिथं जवळ येतात तिथं त्यांनी पॅसेंजर मागं टाकली होती आणि गार्डानं डब्यातून हिरवी झेंडी दाखवली होती. ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली, की त्या गार्डाचा चेहरा मला ओळखीचा वाटायला लागला.

या गोष्टीत शिरूरचे एक लेथवाले आप्पा होते. म्हणजे पूर्वी होते. माझी बायको सांगायची, की ती लहान असताना गोष्ट "मी आन् आप्पानं" अशी सुरू व्हायची. पुढं ती "शिरूरचा एक लेथवाला व्हता हाताखाली" अशी झाली. मी जावई म्हणून घरात आलो तोवर आप्पा गोष्टीतून पार नाहीसे झाले होते. मी एकदा विचारलं, तेव्हा मामा म्हणाले, "असायचा एकजण. पाना धरायला."

सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "पाना धरायला न्हवं. सगळं लेथकाम त्येंचं व्हतं."

मामांना त्या वेळी अचानक बाहेर काम निघालं. मग सासूबाईंनी मला भांडण सांगितलं. भांडण एका भोकावरून झालं होतं. इंजिनाच्या पोटात क्रँक नावाचा जाड दांडा फिरतो, तो ज्या बेअरिंगांवर फिरतो तिथं सतत तेल पोचावं लागतं, नाहीतर सगळं जळून जातं. या इंजिनाचा जोर वाढवल्यावर शेवटच्या बेअरिंगला तेल कमी पडायला लागलं. मामांनी ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या धडाच्या, लोखंडातून एक नवं भोक पाडून तेलाला वाट करून दिली. आप्पा म्हणाले, भोक चुकीच्या जागी पाडलंस, तेल बेअरिंगला जाण्याआधीच खाली गळणार. मामा म्हणाले, मला शिकवू नकोस. शब्दानं शब्द वाढला. गाडी तर पुढं कित्येक वर्षं चालली, म्हणजे भोक बरोबर होतं, असा मामांचा हिशेब. त्यानंतर मामांची सोलापूरला बदली झाली, काही वर्षांनी ते परत दौंडला आले, पण दोघं एकमेकांशी बोलले नाहीत ते नाहीतच. शिरूरला मार्केट यार्डात काही काम असलं, तर मामा लेथच्या गल्लीला वळसा घालून जायचे. आणि त्या भोकाची बढाई मात्र दर महिन्याला वाढत होती. वॉर्डातल्या लहान पोरांना क्रँक म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण मामांनी भोक पाडून इंजिन वाचवलं हे माहीत होतं.

मामा रिटायर झाल्यावरची गोष्ट. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. शेठ वारले होते आणि गाडी मळ्यातल्या शेडमध्ये कित्येक वर्षं उभी राहून जाम झाली होती. शेठची मुलगी पुण्याला असायची, ती एक दिवस मामांच्या दारात आली. शांत, बेताचं बोलणारी बाई. म्हणाली, "काका, बाबांची गाडी मला चालू करायचीय. पुण्यात एका गॅरेजवाल्यांना दाखवली. ते म्हणतात, यात सगळा जुगाड आहे, आतलं सगळं काढून टाकायला लागेल. मला काही कळत नाही. ते इंजिन तुम्ही बांधलंय, तर आधी तुम्ही खोलून बघा, असं वाटलं."

जुगाड हा शब्द मामांना विंचवासारखा लागला. पण शेठच्या मुलीला काय बोलणार. एवढंच म्हणाले, "ताई, इंजिन इथं दौंडला आणा. खोलतो. खोलल्यावर कोण काय म्हणतं ते बघू."

इंजिन टेम्पोतून आलं. अंगणातल्या बदामाच्या झाडाला चेनपुली बांधून ते उतरवलं, लाकडाच्या ठोकळ्यांवर बसवलं, आणि मामांनी वॉर्डभर निरोप धाडला, की रविवारी वंदनेनंतर इंजिन खोलायचंय, ज्याला बघायचं त्यानं यावं. मी आणि बायको शनिवारीच जाऊन पोचलो होतो. पिस्टन जाम झाले होते, म्हणून मामांनी आधीचे काही दिवस वरून डिझेल आणि तेल सोडून ठेवलं होतं. रविवारी अंगणात ही गर्दी. लग्नाला बसतात तशी माणसं ओळीनं बसलेली, पुढं पोरं, मागं बायका, ताईंना खुर्ची. सासूबाईंच्या दोन जुन्या साड्या जमिनीवर अंथरल्या होत्या, त्यावर निघेल तो भाग निघेल त्या क्रमानं मांडायचा. मांडायचं काम माझं. "जावईबापू, तुमचं शिक्षण आज कामाला येणार," मामा म्हणाले.

पांढऱ्या शर्टाच्या बाह्या सरसावून मामांनी पाना हातात घेतला आणि बोलायला सुरुवात केली. ते ज्या तऱ्हेनं इंजिन खोलत होते ते बघून मला त्यांचा हेवा वाटला. हेडचे, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचे, नट बाहेरून आत, थोडे थोडे करून ढिले केले, एकदम एकही नाही. लांब दांड्या काढल्या त्या माझ्या हातात देताना प्रत्येक वेळी म्हणाले, "जागा बदलू नका, ज्याची जागा त्याला." आणि प्रत्येक भागाबरोबर त्याचं मूळ गाव सांगत होते. या स्प्रिंगा वडगावच्या एका विहिरीवरच्या पंपाच्या. हे पिस्टन मिलिटरीच्या लिलावातल्या जीपचे, घासून बसवलेले. एक कार्बोरेटर विलायती आणि दुसरा त्याच्याकडं बघून इथं ओतलेला. "सांगा यातला विलायती कंचा," असं त्यांनी विचारलं, आणि ताईंनी बोट दाखवलं ते इथल्यावर. मामांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते त्यांना नातवंड झालं त्या दिवशीही मी बघितलं नाही.

हेड उचललं तेव्हा खाली तांब्याचं गॅस्केट निघालं. हेड आणि ब्लॉकच्या मध्ये दाबून बसणारा पत्रा, जागच्या जागी भोकं पाडलेला. मी तो उचलून साडीवर ठेवला. सासूबाई बायकांमधून उठल्या, जवळ आल्या, खाली बसल्या आणि त्यांनी पत्र्यावरून बोट फिरवलं. एका कडेला नाव कोरल्याची अर्धी अक्षरं होती.

"हा माझा बंब हाय," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी मामांकडं बघितलं.

"माझ्या आईनं लग्नात दिलेला. मला सांगितलं, शेगडीवाल्याकडं दुरुस्तीला दिलाय, त्याच्या दुकानातनं चोरीला गेला."

"त्याचं काय असतं," मामा म्हणाले, पण काय असतं ते काही त्यांना सुचलं नाही. ताई तोंडाला रुमाल लावून हसायला लागल्या आणि मग सगळं अंगण हसलं. सासूबाई हसल्या नाहीत, पण उठताना एवढं म्हणाल्या, "पाणी तापवायचं सोडून तो गाडी पळवत व्हता म्हणायचा." माझी खात्री आहे, की त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता.

पिस्टन लाकडी ठोकळ्यानं ठोकल्यावर सुटले. सिलिंडरच्या भिंती गंजल्या होत्या, पण गंज खोल नव्हता. मग इंजिन उलटं केलं, खालचं तेलाचं चेंबर काढलं, आणि मामा उभे राहिले. हात पुसले. आता भोकाची पाळी होती. त्यांनी सगळ्यांना जवळ बोलावलं, ताईंना अगदी पुढं घेतलं. हे बेअरिंग बघा, म्हणाले. शेवटच्या बेअरिंगची टोपी निघाली आणि आतलं बेअरिंग खरोखर लखलखीत होतं, ओरखडासुद्धा नाही. "इतकी वर्षं पळालेलं इंजिन हाय हे. आता ह्येला तेल कुठनं येत व्हतं ते दाखवतो." त्यांनी ब्लॉकच्या पोटात बोट घातलं.

बोट तिथंच राहिलं.

मी अगदी शेजारी वाकलो होतो म्हणून मला दिसलं. जिथं ते भोक असायला हवं तिथं पितळेचं एक बारीक बूच होतं. आटे पाडून बसवलेलं, वरून कानशीनं घासून लोखंडाशी इतकं सपाट केलेलं, की बोट फिरवलं तरच कळावं. आणि त्याच्या वर, बोटभर अंतरावर, दुसरं भोक. तिरकं, बारीक, सरळ बेअरिंगच्या पाठीशी उतरणारं.

अंगणात कुणालाही काही कळलं नव्हतं. मामांनी त्या दुसऱ्या भोकावर बोट ठेवून "हे बघा माझं भोक" असं म्हटलं असतं, तर गर्दीनं मान डोलावली असती आणि गोष्ट तिथंच संपली असती. मी त्यांच्याकडं बघत होतो. त्यांनी बोट काढलं, चिंधीला पुसलं आणि म्हणाले, "बाकीचं नंतर दाखवतो. च्या घ्या सगळ्यांनी." आणि बदामाखालच्या ओट्यावर जाऊन बसले.

सासूबाई माझ्यापाशी आल्या. "ह्यांना काय झालं? गप बसल्यात. बीपीची गोळी देऊ का?"

मी मामांच्या जवळ गेलो. ते म्हणाले, "जावईबापू, ते काम माझं न्हाई." मग म्हणाले, "माझं भोक बुजवलंय कुणीतरी. आन् कुणीतरी म्हंजी काय. असं बूच पुणे जिल्ह्यात एकच माणूस बसवतो."

लोक पांगल्यावर त्यांनी अंघोळ केली, दुसरा पांढरा शर्ट घातला, ते पितळेचं बूच वर खाच पाडून पेचकसानं सोडवून रुमालात बांधलं आणि मला म्हणाले, "स्कूटर काढा. शिरूरला जायचंय." भीमेचा पूल ओलांडला, न्हावरा गेलं, उसाचे मळे आले आणि गेले, मामा रुमाल मुठीत धरून मागं बसले होते. एरवी माझ्या मागं बसले की गिअर कधी टाकायचा ते खांद्यावर थाप मारून सांगायचे. त्या दिवशी मी मुद्दाम एक-दोनदा चुकीचा गिअर टाकून बघितला. थाप आली नाही.

शिरूरला लेथची गल्ली बाजारपेठेच्या मागं होती. दुकान चालू होतं. आप्पा म्हणजे उंच, किडकिडीत, जाड भिंगांचा म्हातारा. लेथवर काहीतरी फिरत होतं आणि त्यावरून लोखंडाचे बारीक वेटोळे खाली पडत होते. त्यांनी मान वर करून मामांना बघितलं, पुन्हा खाली घातली आणि हातातलं काम पुरं केलं. ते पुरं व्हायला चांगला वेळ लागला. मामा दारात उभे होते. मी त्यांना कुणाच्या दारात असं ताटकळत उभं राहिलेलं कधी बघितलं नव्हतं.

लेथ थांबलं. मामांनी रुमाल सोडून बूच त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

आप्पांनी ते उचलून डोळ्यांजवळ धरलं. "काढायला नको व्हतंस," ते म्हणाले. "आता नवं करावं लागंल."

"कवा बसवलंस?"

"तू सोलापूरला गेल्यावर. शेठ गाडी घेऊन आला, म्हणला आवाज येतोय. खोललं तर बेअरिंग कोरडं. म्हणलं बुजवावं आन् नीट पाडावं."

"मला का सांगितलं न्हाईस?"

"तू बोलतोस तवा सांगायला जागा कुठं असती?"

आप्पांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला.

"आन् शेठला?" मामांनी विचारलं. "त्यालापण न्हाई सांगितलंस?"

"त्याला म्हणलं तेल खराब व्हतं, बदललं."

"का पण?"

आप्पांना हा प्रश्न बावळटपणाचा वाटलेला दिसला. "इंजिन तुझ्या नावाचं व्हतं," ते म्हणाले. "सगळं शिरूर म्हणायचं, दौंडच्या फिटरचं इंजिन. त्यात खोट निघाली असं मी माझ्या तोंडानं सांगू व्हय?"

मामा तिथल्या एका डब्यावर बसले. मी बाहेर येऊन स्कूटरपाशी उभा राहिलो, कारण दोघांनाही माझ्यासमोर डोळे पुसायला अडचण होत असावी असं मला वाटलं. काही वेळानं आतून आवाज यायला लागले ते भांडणाचे होते. नवं बूच पितळेचं करायचं की गनमेटलचं यावरून जुंपली होती.

पुढच्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर मामांनी माईक मागितला. समोर बसली होती वॉर्डातली तीच माणसं, ज्यांना मामांनी वर्षानुवर्षं त्या भोकाची गोष्ट ऐकवली होती. मामा म्हणाले, "त्या इंजिनाचं भोक मी चुकीच्या जागी पाडलं व्हतं. ते शिरूरच्या आप्पानं बुजवून नीट केलं, आन् मला कळू दिलं न्हाई. इतकी वर्षं मी तुम्हाला जे सांगितलं ते त्याचं काम हाय." इथं थांबले असते तर ते मामा कसले. मग त्यांनी ती चूक किती बारकाईची होती, भलेभले तिथं कसे चुकले असते, आणि त्यातनं चूक ओळखणारा माणूस कसा लाखात एक असला पाहिजे आणि तो आपला दोस्त आहे, हे सविस्तर सांगितलं. स्वतःची चूक इतक्या रुबाबात सांगणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. त्यांच्याच हातच्या त्या अ‍ॅम्प्लिफायरच्या कृपेनं हे सगळं फलाटावरच्या प्रवाशांनीही ऐकलं असेल. मी मागच्या रांगेत बसलो होतो. शेजारी बसलेल्या एका गृहस्थांनी विचारलं, "तुमचे कोण लागतात?" मी म्हणालो, सासरे. आणि ते म्हणताना माझी पाठ आपोआप ताठ झाली.

त्यानंतर आप्पा एसटीनं दौंडला यायला लागले. पिशवीत कानशी, मापं आणि स्वतःचा चहाचा कप. दोघांनी मिळून ते इंजिन पुन्हा बांधलं. म्हणजे आप्पा बांधत आणि मामा ते कसं बांधलं जातंय हे अंगणात येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावून सांगत. ताई अधूनमधून येऊन बसत. मूळचे विलायती भाग आता मागवता येतात, बाहेरून आणवू का, असं त्यांनी एकदा चाचरत विचारलं. मग साडीवर मांडलेले ते सगळे भाग त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि आपणहून म्हणाल्या, "राहू द्या. बाबांनी चालवली ती गाडी हीच होती." गॅस्केटही तेच बसलं. सासूबाईंना विचारून.

गाडी पुन्हा चालू झाली ती शिरूरच्या मळ्यात, पोळ्याच्या आसपास. पहिल्या दोन खेपेला नुसता धूर आणि ठसके. आप्पांनी कार्बोरेटरचा एक स्क्रू जरासा फिरवला आणि तिसऱ्या खेपेला असा काही आवाज निघाला, की मळ्यातली कुत्री लांब पळाली आणि बांधावरची माणसं धावत आली. ताई किल्लीवरचा हात काढून खाली उतरल्या आणि म्हणाल्या, "पहिली चक्कर तुम्ही दोघं."

मामा स्टिअरिंगकडं निघाले, आणि अर्ध्या वाटेत थांबले. आप्पांकडं बघून म्हणाले, "तू ह्यात कवा बसलायस?"

"मी कशाला बसतोय. मला कोण बसवणार?"

म्हणजे ज्या माणसानं त्या गाडीचं निम्मं पोट घडवलं, तो तिच्यात कधी बसलाच नव्हता. मामा मुकाट्यानं दुसऱ्या बाजूला जाऊन बसले. आप्पांना चालवता येत होतं ते ट्रॅक्टरपुरतं. ते अगदी ताठ बसले, चष्मा नीट केला आणि गाडी मळ्याच्या फाटकातून बाहेर पडून न्हावऱ्याच्या रस्त्याला लागली.

बराच वेळ झाला तरी परत येईनात, म्हणून मी स्कूटर घेऊन मागं गेलो. लांब जावं लागलं नाही. ऊन कलतं झालं होतं, दोन्ही बाजूंना ऊस, आणि रस्त्याच्या मधोमध ती शर्यतीची गाडी सायकलच्या चालीनं चालली होती. आप्पा दुसऱ्या गिअरच्या वर गेले नव्हते. मागून कडब्यानं भरलेला एक ट्रॅक्टर हॉर्न वाजवत होता. मामांनी त्याला हात करून पुढं जायला सांगितलं. ट्रॅक्टर पुढं गेला. त्यामागून दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल आली, तिलाही त्यांनी हात केला.

आता दोघंही नाहीत. आधी आप्पा गेले आणि पावसाळा संपायच्या आत मामा. त्या संध्याकाळी मी त्यांच्या पुढं गेलो नाही आणि हाकही मारली नाही. स्कूटर हळू करून, खूप मागं, त्यांना दिसणार नाही अशा बेतानं चालवत राहिलो. दोन पांढरी डोकी उघड्या गाडीत शेजारी शेजारी हलत होती, आणि परत वळायचं हे बहुधा त्या दोघांच्याही ध्यानात नव्हतं.